नाक धरून बसलेली माणसं

उन्हाळ्यात नांदेडला व्यायाम करायचा तो उजाडायच्या आतच. गोदावरीच्या काठानं त्या वेळी कपालभातीचा नुसता फुसफुसाट चाललेला असतो. २१ जून २०१९ ला रामदेवबाबा आणि मुख्यमंत्री फडणवीस इथं योगदिनाला आले होते. गर्दी एवढी, की योग कमी अन् जत्रा जास्त!

‘प्राणायामानं रक्तात ऑक्सिजन वाढतो’ हे वाक्य मात्र ऐकून ऐकून कान किटले. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण मुळातच ९५ टक्क्यांच्या वर असतं. आणखी भरणार कुठं? खरी गंमत दुसरीकडंच आहे. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला, सोडणं लांबवलं, की व्हेगस मज्जातंतू हृदयाला सबुरीनं घ्यायला लावतो. नाडीवर बोट ठेवून बघा. श्वास घेताना ठोके जरा घाईत, सोडताना संथ. असं तपासून बघायची खोड आपल्याकडं जुनी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया चक्क क्ष-किरणांखाली तपासल्या.

लातूरची आत्या बीपीची. अनुलोम-विलोम करते, पण गोळी चुकवत नाही. कपालभातीचं नाव काढलं तर म्हणाली, “डॉक्टर नको म्हणलेत बाबा, जोरजोरात फुसफुस करायची नाही.” शहाणी बाई. नाकपुडी दाबायला हात उचलला की बांगड्या कोपराकडं घसरतात, डोळे मिटलेले, आणि मधेच एक डोळा उघडून गॅसवरच्या दुधाकडं बघते. लोणच्याचं मीठ कमी कर म्हणलं, की मात्र ऐकूच येत नाही तिला.