दार लावून घेताना

चि. मुक्ता हीस,



पुढच्या महिन्यापासून ऑफिस सुरू, मग बंड्या घरी एकटा कसा राहील, असं विचारलंस. राहील, पण आपोआप नाही. तीन महिन्यांचं पिल्लू ते. आत्ताआत्तापर्यंत आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात झोपत होतं. एकटं पडलं की ओरडायचं, म्हणजे आई शोधत येते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा त्याला हट्टी ठरवू नकोस.

सुरुवात तू घरात असतानाच कर. तो बाथरूमच्या दाराशीही येऊन बसतो याचं तुला फार कौतुक! असू दे, पण अधूनमधून मधलं दार लोटून घे आणि तो कुरकुरायच्या आत उघड. काही सेकंद पुरेत. मग मिनिटभर, मग पुन्हा कमी, मग जरा जास्त. चपला घाल, किल्ल्या वाजव आणि कुठेही न जाता चहा पीत बस. किल्ल्या वाजल्या म्हणजे मुक्ता गेलीच, असं त्याच्या डोक्यात बसता कामा नये. निघताना गळाभेट नको आणि परतल्यावर ओवाळणी केल्यासारखा सोहळाही नको.

जाण्याआधी शू-शी उरकून, थोडं खेळवून घे. जाड रबराच्या पोकळ खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठव आणि निघताना दे. चाटता चाटता पेंगतो. कांदा, मनुका, चॉकलेट मात्र त्याच्या तोंडाला लागू देऊ नकोस, कुत्र्यांना ते विष आहे. चार्जरच्या वायरी उचलून ठेव.

आणि जुन्या मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवून जा. पाच-दहा मिनिटं कुंई कुंई करून आडवा झाला तर काळजी नाही. दुपारी कंटाळून चप्पल फाडली, तीही गंमतच समज. पण तू गेल्या गेल्या दार ओरबाडणं, लाळ गळणं, दहीभाताला तोंडही न लावणं, ही भीती आहे. तसं दिसलं तर एकटं ठेवण्याचा वेळ एकदम कमी कर आणि पशुवैद्यांना दाखव. जोडीला दुसरं पिल्लू आणण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याला हवी असतेस तू. दुसऱ्या कुत्र्याने ती भीती बहुतेकदा जात नाही.

गॅलरीत साखळीला बांधून जाणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. ऊन, कबुतरं, खाली प्रत्येक स्कूटर. बिचारा भुंकणार नाही तर काय करणार? कुत्र्याला कायम साखळीत ठेवून व्यायामच न देणं ही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही क्रूरताच आहे. त्यापेक्षा आतली एखादी शांत खोली बरी.

घरी येऊन पसारा दिसला तरी रागावू नकोस. 'बघ कसा अपराधी चेहरा करतोय' असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा येई, आणि निर्दोष कुत्र्यांचा तर जास्तच. म्हणजे काही तासांपूर्वी फाडलेल्या उशीबद्दल बंड्याला काही कळणार नाही. दार उघडलं की ओरडा बसतो, एवढंच कळेल, आणि मग तुझ्या परत येण्याचीही धास्ती.

हे सगळं नीट जमलं तरी ऑफिसचे आठ-नऊ तास या वयात त्याला झेपायचे नाहीत. दिवसा तीन-चार तासांपलीकडे शू धरून ठेवणंच अवघड, तिथे शिकवणीचा इलाज नाही. समोरच्या काकूंना विचार, नाहीतर पैसे देऊन एखादा विश्वासू मुलगा ठेव, पण दुपारी कुणीतरी येऊन त्याला खाली नेलंच पाहिजे. लसी पुऱ्या होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या जागी मात्र नको. ऑफिसची तारीख पक्की व्हायच्या आधी या माणसाचं पक्कं कर आणि मला कळव.

तुझी,
आत्या