आर्णीचा कापूस आणि नागपूरची एम्प्रेस गिरणी

गेल्या मार्गशीर्षांत एका विवाहानिमित्त आम्ही यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णीस गेलों होतों. अरुणावतीच्या कांठचा हा मुलूख कापसाचा. यजमानांच्या पडवींत वेचलेल्या कापसाची रास पडली होती. त्यांच्या आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, “गुरुजी, याचें कापड कोठें होतें?” हाच प्रश्न बालपणीं आम्हीं केला असतां वडिलांनीं तत्काळ उत्तर दिलें होतें, “नागपुरास, एम्प्रेस गिरणींत.” या वेळीं मात्र आम्ही निरुत्तर झालों.

त्या गिरणीची कथा मुलांस सांगण्याजोगी आहे. पूर्वी कापडगिरण्या मुंबईसच असाव्यात असा समज होता. जमशेटजी टाटांनीं उलट विचार केला. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपुरांत. आगगाडी १८६७ सालींच नागपुरास पोंचलेली. दगडी कोळसा वरोऱ्यास निघणारा. मग कापूस मुंबईस नेऊन कापड परत कां आणावें? १८७४ सालीं त्यांनीं पंधरा लक्ष रुपये भांडवलाची कंपनी स्थापिली. दलदलीची जागा घेऊन ते ती भरूं लागले, तेव्हां मातींत सोनें पुरणाऱ्यास कर्ज देण्याचें एका सावकारानें नाकारलें. पुढें त्यानेंच कबूल केलें म्हणतात कीं, या गृहस्थांनीं माती घालून सोनें काढलें!

१ जानेवारी १८७७ रोजीं व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलें, त्याच दिवशीं गिरणी सुरू झाली. म्हणून ‘एम्प्रेस’ हें नांव. व्यवस्थापक बेझनजी मेहता मूळचे रेल्वेंतले. गिरणीचें काम त्यांस नवें होतें, तरी त्यांनीं तें यशस्वी केलें. आम्हांस याहूनही मोठी वाटते ती कामकऱ्यांची काळजी. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई! भरपाईचा कायदा झाला १९२३ सालीं.

पुढें दिवस फिरले. १९८६ सालीं गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं कायमची बंद पडली. परततांना आम्हीं ती जागा पाहिली. गिरणीचें नांव आतां तेथील भव्य बाजाराच्या इमारतीस आहे. आंत तयार कपडे पुष्कळ होते. परंतु त्यांतील सूत कोणत्या शेतांतलें, हें विक्रेत्यास सांगतां येईना.

घरीं येऊन आम्हीं त्या मुलास पत्र लिहिलें: “बाळ, तुमच्या कापसाची सरकी काढून गांठी बांधतात आणि त्या दूर जातात. एके काळीं मात्र एका दूरदर्शी पुरुषानें गिरणीच कापसाजवळ आणली होती. मोठा झालास म्हणजे ही गोष्ट आठव.”