माझ्याकडे तर चालतंय

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर ग्राफिक्सचा मिनी प्रोजेक्ट होता. दोघांत मिळून करायचा. तोवर लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या निळ्या खिडकीत टर्बो सी चालवून वर्तुळं काढण्यापलीकडे आमची मजल गेली नव्हती, त्यामुळे ओपनजीएलमध्ये किटली फिरवायची म्हणजे मोठीच झेप वाटत होती. ही ग्राफिक्सवाल्यांची प्रसिद्ध किटली, 1975 साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी गणितात बसवलेली. ग्लट नावाच्या लायब्ररीत ती एका ओळीत आयती मिळते. उरलं काय, तर तिच्यावर प्रकाश पाडायचा आणि कॅमेरा फिरवायचा. प्रकाश माझ्या पार्टनरकडे, कॅमेरा माझ्याकडे.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू होतं. तिच्याकडे विंडोज. उबुंटूवर फ्रीग्लट एका कमांडमध्ये येतं, पण कंपाइल करताना लायब्ररींची नावं फाइलच्या नावानंतर लिहावी लागतात. आधी लिहिली तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लागते. हे कळायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. तिच्याकडचा छळ वेगळाच. हेडर एका फोल्डरमध्ये, लिब दुसऱ्यात, डीएलएल तिसऱ्यात, आणि 64 बिटच्या विंडोजवरही ओपनजीएलच्या फाइलचं नाव ‘ओपनजीएल 32’च. बिचारीनं 32 बिटचं एक आणि 64 बिटचं एक असं मिसळून दोन दिवस घालवले.

शेवटी तिच्याकडे कंपाइल झालं. खिडकी उघडली. काळी.

‘अरे, माझ्याकडे नुसतं काळं दिसतंय,’ तिचा मेसेज.

मी माझ्या स्क्रीनवर गोल फिरणाऱ्या किटलीचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘माझ्याकडे तर चालतंय. लाइट बघ ना तुझे.’

तिनं पुढच्या दोन रात्री लाइट बघितले. जागा बदलल्या, रंग बदलले, नॉर्मल तपासले. मी मात्र एकदाही तिच्या लॅपटॉपपाशी जाऊन बसलो नाही.

परीक्षेला डेमो लॅबच्या मशीनवर द्यायचा होता. तिथे अर्थात विंडोज. खिडकी उघडली, काळी. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, ‘हा भाग कुणाचा?’ मी म्हणालो, ‘सर, लायटिंग हिनं केलंय.’

खोटं नव्हतं ते. तिनंच केलं होतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरांना म्हणाली, ‘हो सर.’ तिला माझ्यापेक्षा 6 मार्क कमी मिळाले. आम्ही भांडलो वगैरे नाही. पुढच्या सेमिस्टरला तिनं दुसरा पार्टनर घेतला, एवढंच.

मधे सात वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात जुनी हार्ड डिस्क साफ करताना ते फोल्डर सापडलं. हातात ऑफिसचा मॅक होता, म्हटलं चालवून बघू. मॅकवर ग्लटच्या हेडरचा रस्ताच वेगळा, आणि लायब्ररीऐवजी ‘फ्रेमवर्क’ लिहायचं. ॲपलनं 2018 मध्ये ओपनजीएलला निवृत्तीची नोटीस दिलेली, त्यामुळे जवळपास प्रत्येक ओळीवर पिवळा इशारा. पण किटली फिरली. ऊर भरून आला, खरं सांगतो.

मग घरच्या विंडोजवर, व्हिज्युअल स्टुडिओत. काळी.

या वेळी लाइट बघायला दुसरं कुणी नव्हतं. डीबगर लावला, एकेक आकडा वाचत गेलो. लाइट ठीक. कॅमेऱ्यापाशी आलो आणि थांबलो. दृश्य डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी मी एक आकडा ठेवला होता. त्याची किंमत होती उणे 431602080.

कॅमेऱ्यासाठी मी मेमरी मागून घेतली होती, पण त्या आकड्यात सुरुवातीला शून्य भरायचं राहिलं होतं. लिनक्स प्रोग्रामला नवीकोरी मेमरी देतं ती शून्यानं पुसूनच, आधीच्या प्रोग्रामचं काही दिसू नये म्हणून. म्हणजे माझं नशीब. मॅकवरही तसंच निभावलं. व्हिज्युअल स्टुडिओ मात्र डीबग बिल्डमध्ये अशा न भरलेल्या मेमरीत मुद्दाम ‘सीडी सीडी’ असा ठरावीक कचरा भरतो, चूक लवकर दिसावी म्हणून. तो कचरा दशांश आकडा म्हणून वाचला की हीच संख्या येते. आमची किटली 43 कोटी एकक डावीकडे फिरत होती, तिनं लावलेल्या लाइटच्या उजेडात.

ती तीन आठवडे ओरडून सांगत होती ती चूक तिच्या मशीननं बरोबर दाखवली होती. माझ्या मशीननं लपवली.

एक ओळ वाढवली, शून्य भरलं, किटली आली. तिचा नंबर अजून होता. मेसेज लिहायला मला कोड शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. काय झालं ते लिहिलं, त्या दिवशी सरांसमोर मी काय केलं तेही लिहिलं. सॉरी शेवटी लिहिलं होतं, ते उचलून वर आणलं.

दुसऱ्या दिवशी रात्री उत्तर आलं.

‘म्हणजे लाइट बरोबर होते?’

‘पहिल्या दिवसापासून.’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, ‘एक्सई पाठव. बघायचीय.’

मी घाईघाईत पाठवली. पाच मिनिटांनी तिचा स्क्रीनशॉट आला. फ्रीग्लटची डीएलएल सापडत नाही, असं म्हणणारी विंडोजची ती चौकट, आणि खाली तिचा मेसेज: ‘तुझ्याकडे चालत असेल.’