संग्रामपूरच्या वावरातला मेक्सिको

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातल्या वावरात आणि बांधावर जे दिसते त्यातले कितीतरी मूळचे मेक्सिको आणि त्याच्या शेजारच्या मुलखातले आहे. मका तिथला, मिरची तिथली. आज बीटीसह जी अमेरिकन पऱ्हाटी सगळीकडे उभी असते, ती कापसाची प्रजातीही माणसाने पहिल्यांदा त्याच भागात लागवडीखाली आणली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा आहे. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात आणि नोव्हेंबरच्या १ व २ तारखेला घरी येणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून त्याच्या पाकळ्या अंथरतात. कुंपणाचा घायपात तिथलाच. गाजरगवत अमेरिका खंडातून आले आणि ते खाणारा भुंगा १९८० च्या दशकात मुद्दाम मेक्सिकोतून आणला गेला.

प्रस्तुत लेखक याच तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातला असून त्याने कृषी पदविका घेतली आहे. त्या अभ्यासक्रमात मक्याच्या बियाण्याचे प्रमाण, दोन ओळींतले अंतर आणि खताच्या मात्रा पाठ झाल्या. मका कुठून आला आणि तो कोणी घडवला, हे कोणी सांगितले नाही आणि लेखकानेही विचारले नाही. मेक्सिको म्हणजे फुटबॉल आणि अमली पदार्थांच्या टोळ्या, एवढीच त्याची समजूत होती.

ती समजूत सप्टेंबर २०२२ मधल्या एका बातमीने मोडली. मेक्सिकोतल्या चापिंगो कृषी विद्यापीठात पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले होते. बातमीत वर्ध्याचे नाव होते. संग्रामपूरहून वर्धा एसटीने एका दिवसात गाठता येते. तिथला माणूस मक्याच्या माहेरी जाऊन मक्याचा प्राध्यापक झाला होता आणि मका पिकवणाऱ्या तालुक्यातल्या कृषी पदविकाधारकाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. हा सल अजून गेलेला नाही.

खानखोजे समजून घ्यायचे तर मेक्सिकोचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. १३२५ च्या सुमारास मेशिका लोकांनी तळ्यातल्या बेटावर तेनोचतित्लान हे शहर वसवले. १५२१ मध्ये कोर्तेसच्या स्पॅनिश फौजेने आणि तिच्या स्थानिक मित्रांनी ते जिंकले. पुढे तीनशे वर्षे स्पेनची सत्ता राहिली. १८१० मध्ये मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने उठावाची हाक दिली आणि १८२१ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. जमीन मूठभर हासिएंदांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या वाड्या-मळ्यांच्या ताब्यात साचली. १९१० मध्ये क्रांती पेटली, ती बरीचशी या जमिनीसाठी. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने जमीनवाटपाला आधार दिला. जमिनीसाठी लढणारे एमिलियानो सापाता यांना १९१९ मध्ये दगा देऊन मारण्यात आले.

अशा देशात खानखोजे १९२४ मध्ये पोहोचले. त्याआधी अमेरिकेत शेतीशास्त्र शिकताना ते इंग्रज राजवट उलथवू पाहणाऱ्या गदर पक्षाच्या स्थापनेत होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते इंग्रजांशी लढले. मायदेशाची वाट बंद झाली, तेव्हा मेक्सिकोने त्यांना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवायला घेतले. जमिनीचा पुरेपूर उपयोग शिकवायचा, माणसाची पिळवणूक नाही, अशा अर्थाचे त्या संस्थेचे ब्रीद आहे.

तिथे त्यांनी मका आणि त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांच्या संकरावर काम केले. तेओसिंतेच्या बारीक कणसात मोजके, दगडासारखे कठीण दाणे असतात. मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून निवड करत करत त्याचा मका केला. खानखोजे यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळाही उभ्या केल्या. त्यांतल्या एका शाळेला सापाता यांचे नाव होते. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार स्त्रीने या कामाची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्ये पंक्तीचे एक चित्र रंगवले. त्यात मधोमध बसून भाकर मोडून देणारा माणूस आहे, त्याचा चेहरा खानखोजे यांचा आहे. परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर अन्नदाता म्हणून वर्ध्याचा माणूस बसला आहे, हे ते चित्र पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

यानंतरची घटना सर्वांत जास्त बोचते. १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने त्यांना शेतीच्या कामासाठी बोलावले. त्या प्रांतात तेव्हा बुलढाणा जिल्हाही होता. इंग्रज जाऊन दोन वर्षे झाली होती, पण इंग्रजांनी घातलेली बंदी दप्तरात तशीच राहिली होती आणि या माणसाच्या आड आली. ज्या राज्याविरुद्ध लढल्यामुळे त्यांचे नाव काळ्या यादीत गेले, ते राज्य संपले होते, यादी संपली नव्हती. ती फाडायला कोणाला वेळ झाला नव्हता. तारुण्यात घर सोडलेला माणूस साठी उलटल्यावर स्वतंत्र देशात येतो आणि त्याच्यापुढे जुन्या मालकाचा कागद धरला जातो, याला चूक म्हणणे कमी आहे. हा अपमान होता. पुढे ते कुटुंबासह नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी वारले.

त्याच सुमारास, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या वाणांची नावे कृषी पदविकेत पाठ करावी लागतात. त्यामागचे नॉर्मन बोरलॉग परीक्षेत येतात. बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत गेले, खानखोजे त्याच्या वीस वर्षे आधीपासून तिथे होते.

इथे लेखकाला स्वतःच्या रागाचाही हिशेब द्यावा लागतो. वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे मराठी चरित्र लिहिलेले आहे. त्यांचेच ‘एक होता कार्व्हर’ लेखकाने शाळेत असताना दोनदा वाचले होते. अमेरिकेतल्या अलाबामाचा कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर आपला वाटला, वर्ध्याच्या माणसाचे पुस्तक शोधावेसे वाटले नाही. तेव्हा विस्मरणाचा सगळा दोष सरकारवर टाकता येत नाही.

मेक्सिकोबद्दलची पहिली भारावलेली भावनाही तशीच टिकली नाही. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी १९३४ ते १९४० या काळात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन शेतकऱ्यांना दिली. त्याच देशाने १९९२ मध्ये घटना बदलून त्या सामूहिक जमिनींच्या विक्रीची वाट मोकळी केली. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार लागू झाला, त्याच दिवशी चियापास राज्यातल्या आदिवासींनी सापाता यांच्या नावाने उठाव केला. अमेरिकेचा स्वस्त मका आला आणि मक्याच्या माहेरचा लहान शेतकरी अडचणीत आला. सोयाबीन आणि कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मेक्सिकोकडे आदर्श म्हणून पाहण्यापेक्षा भावकी म्हणून पाहणे बरे.

भावकीकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मेक्सिकोत मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात घेण्याच्या पद्धतीला मिल्पा म्हणतात. आपल्या ज्वारी-तूर-मुगाच्या मिश्रपिकाचीच ही बहीण आहे. दुसरी गोष्ट चुन्याची. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, धुतात आणि मग वाटतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. चुन्याची ही रीत मागे ठेवून मका युरोपात गेला, तेव्हा मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला. लेखकाच्या घरी एक किलो मका, तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खाण्याचा चुना घेऊन हे करून पाहिले. नेहमी थापताना फुटणारी मक्याची भाकर त्या दिवशी तव्यावर अखंड उतरली. मका रोजच्या खाण्यात असेल त्या घरात हा प्रयोग जरूर करावा. चुना मात्र खाण्याचाच घ्यावा आणि शिजवलेला मका दोन-तीन पाण्यांनी धुवावा.

खानखोजे यांच्या मुक्त शाळा वावरात भरत होत्या आणि शेतकऱ्याला तिथे फी नव्हती. वऱ्हाडातल्या कृषी शिक्षणात त्यांच्या नावाचा किमान एक धडा असावा आणि तो मक्याच्या धड्याच्या आधी यावा.