किरकोळ

धाकट्याची बदली श्टुटगार्टला झाली आणि सहकुटुंब स्थलांतराचा अंदाज मांडण्याचे काम साहजिकच मास्तराकडे आले. जर्मनीत भाडे 'थंड' आणि 'ऊन' असे दुहेरी. ऊन म्हणजे पाणी, खोल्या तापवणे वगैरे धरून. अनामत कायद्याने थंड भाड्याच्या ३ पटींहून अधिक मागता येत नाही. घरात ओटा-कपाटे पुष्कळदा नसतात. तीही आपणच बसवायची. सरकारी शाळांना मात्र फी नाही. प्रवास, सामान कंपनीकडे.

आईने वहीत बोट ठेवले. "हे 'किरकोळ' एवढे मोठे कसे रे?"

मी गप्प राहिलो. त्यात चौघांची अचानक परतायची तिकिटे होती.

ती समजली. म्हणाली, "माझ्यासाठी सगळ्यांनी कशाला? एकाचेच धर."

मी आकडा खोडला नाही.