आजीचे गोंदण

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक आबांचा आणि दुसरा दादाचा. आबा म्हणजे आजोबा. महालात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो २००६ साली बंद झाला. पण घरातली मागची खोली, तिच्या खिडकीवरचा काळा कागद, एन्लार्जर आणि तीन पांढऱ्या डिश त्यांनी कुणाला हलवू दिल्या नाहीत. जे काम मोबाईल चुटकीसरशी करतो त्यासाठी आख्खी खोली अडवणे हा दादाच्या मते गुन्हा आहे. मी आपली तटस्थ. तटस्थ माणसाला दोन्हीकडून चहा मिळतो!

गेल्या मार्चमध्ये आजी गेली आणि ही तटस्थता टिकेना.

तेराव्याला फोटो हवा होता. आयुष्यभर साऱ्या महालाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या बायकोचा एकटीचा धड फोटो घरात सापडू नये, याला काय म्हणावे? शेवटी दादाने एका लग्नाच्या घोळक्यातून तिचा चेहरा उचलला आणि दुकानात दिला. संध्याकाळी फ्रेमसकट फोटो हजर. मागे निळे आकाश, चेहरा लोण्यासारखा. आबांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "हे कोन होय?"

आजीच्या कपाळावरचे गोंदण नाहीसे झाले होते. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने डाग समजून ते पुसले. रागावणार तरी कुणावर? गोंदण म्हणजे काय हे आमच्या वर्गातल्या किती जणांना सांगता येईल?

रात्री आबांनी बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात १२० फिल्मची एक निगेटिव्ह होती, १९७१ सालची. "याची प्रिंट काढू," ते म्हणाले. त्यांचे हात कापतात, म्हणून 'काढू' म्हणजे 'तू काढ' हे मी समजले.

माझी परीक्षा संपेपर्यंत मे उजाडला. नागपूरचा मे मी कुणाला सांगायला नको. डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि आमच्या नळाचे पाणी मध्यरात्रीही चहाला अर्धे तयार! डेव्हलपर गरम झाला की प्रिंट घाईघाईने काळवंडते आणि कागदावरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सुटू लागतो. कूलर लावावा तर प्रकाश आत येतो. म्हणून आबा पूर्वी उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून काम करीत, हे मला त्या दिवशी कळले. मी बर्फ आणून थेट डिशमध्ये सोडणार, तोच बाहेर खुर्चीवर बसलेले आबा ओरडले, "डिशमंदी टाकू नोको, पातय होते! परातीत टाक, अन् डिश वर ठेव."

त्यांचा लाडका कागद 'इंदू', उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. तो कारखाना कधीच बंद पडला. मी मुंबईहून इल्फर्डचे दहा कागदांचे पाकीट मागवले होते. त्याची किंमत ऐकून दादा दोन मिनिटे गप्प बसला, हा एक फायदा. पण दादाच्या पक्षालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकमध्येच, म्हणजे फिल्म विकणाऱ्यांच्याच घरात, स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. त्याच कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. हे मी आबांना सांगितले नव्हते. ते म्हणाले, "मालूम हाय."

पाच कागद वाया गेले. सहावा डेव्हलपरमध्ये सोडला आणि लाल दिव्याखाली पाहत राहिले. आधी केस आले. मग कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके. चेहरा सर्वांत शेवटी आला, आणि तो माझ्याकडेच पाहत होता.

मात्र सकाळी प्रिंट उजेडात पाहिली तेव्हा मी गोंधळले. आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर व्रण होते. लहानपणी मी त्यांवर बोट फिरवीत असे. इथे गाल साफ! निगेटिव्ह तिरपी धरली तेव्हा उलगडा झाला. गालांवर पेन्सिलीच्या बारीक, अगदी बारीक रेघा होत्या. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे प्रिंट उजळ येते. म्हणजे दुकानातल्या मुलाने माऊसने केले तेच आबांनी पन्नास वर्षांपूर्वी पेन्सिलीने केले होते! आता दादाच्या तोंडाला काय उत्तर देणार?

मी विचारले, "आबा, टर्पेंटाईनने पुसू का?"

ते बराच वेळ निगेटिव्हकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. तिनंच सांगतलं होतं. वन दिसू देऊ नोका म्हने, गोंदनाले मात्र हात लावायचा नाई."

त्या मुलाला हे सांगायला आजी नव्हती. आणि आम्हांला कुणालाही सांगायचे सुचले नाही.

दादाने ती निगेटिव्ह नंतर स्कॅन केली. पडद्यावर मोठी केल्यावर एकेक रेघ दिसते. तो अर्धा तास काही न बोलता त्या रेघा पाहत होता. बैठकीत मात्र निळ्या आकाशाचाच फोटो आहे, कारण आत्याला तोच आवडला. आमची प्रिंट मागच्या खोलीत आबांच्या खुर्चीसमोर लावली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक मी मोबाईलवरच टिपली. त्या गर्दीत दुसरे काही चाललेच नसते. पाकिटात अजून चार कागद आहेत. आबांच्या हुकमावरून आईने त्यांना फ्रीजमध्ये जागा दिली आहे, लोणच्याच्या बरणीमागे.