थ्रेड : डिसेंबर १९७९ चा अल्बम ऐंशीच्या दशकाचा कसा ठरला?

१९८९ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने ऐंशीच्या दशकातील शंभर सर्वोत्तम अल्बमांची यादी छापली. पहिल्या क्रमांकावर होता 'द क्लॅश' या ब्रिटिश बँडचा 'लंडन कॉलिंग'. हा अल्बम ब्रिटनमध्ये विक्रीस आला १४ डिसेंबर १९७९ रोजी, म्हणजे ऐंशीचे दशक उजाडण्यापूर्वी. अमेरिकेत तो जानेवारी १९८० मध्ये पोहोचला आणि संपादकांनी आपल्या दुकानांतील तारीख प्रमाण मानली. कालखंडाच्या सीमा कोण आखतो आणि कुठे बसून आखतो, हा प्रश्न साम्राज्यांच्या इतिहासाइतकाच गिटारच्या इतिहासालाही लागू आहे.

पंकच्या चाहत्यांत एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सेक्स पिस्टल्सचा 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' (१९७७) हाच पंकचा सर्वश्रेष्ठ अल्बम. दुसरा पक्ष 'लंडन कॉलिंग'चे नाव घेतो. वाद रंगतो, कारण दोन्ही अल्बम खरोखरच थोर आहेत. मात्र पंकचा इतिहास अल्बमांतून वाचता येतो, हे दोन्ही पक्षांनी न तपासता धरून ठेवलेले असते. तेच मुळात कच्चे आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला बखर आणि समकालीन पत्र यांतील भेद सांगावा लागत नाही. अल्बम ही पंकची बखर आहे : घटना घडून गेल्यावर, आश्रयदाता मिळाल्यावर, नीट मांडून लिहिलेली. त्या काळचे पत्र शोधायचे तर सात इंची तबकडीकडे वळावे लागते.

उदाहरण म्हणून मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'ची 'स्पायरल स्क्रॅच' घ्यावी. चार गाण्यांची ही तबकडी २८ डिसेंबर १९७६ रोजी ध्वनिमुद्रित झाली. खर्च सुमारे ५०० पौंड, तोही उसना. कोणतीही कंपनी दाराशी आलेली नव्हती, म्हणून पोरांनी 'न्यू हॉर्मोन्स' हे स्वतःचेच लेबल काढले आणि जानेवारी १९७७ मध्ये १००० प्रती बाजारात आणल्या. वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे एक विचित्र तपशील छापला होता : हे गाणे कितव्या प्रयत्नात वाजले आणि त्यावर नंतर किती वेळा भर घातली. तबकडी कशी बनते हे गुपित उघडे करून ठेवण्याचा तो प्रकार होता. ऐकणाऱ्याने ऐकावे आणि मग आपलीही काढावी. त्याच महिन्यात 'साइडबर्न्स' या हौशी पत्रिकेत तीन गिटार-कॉर्डांचे एक चित्र आले. एवढे शिकलात की बँड काढा, असा त्याचा मथितार्थ. हे चित्र आजही सर्रास 'स्निफिन ग्लू' या अधिक प्रसिद्ध पत्रिकेच्या नावावर खपवले जाते. प्रसिद्ध नावाने अप्रसिद्धाचे श्रेय गिळण्याची ही खोड पंकच्या इतिहासात पुढेही दिसते.

आता 'नेव्हर माइंड द बोलॉक्स'कडे. १९७७ च्या जानेवारीत ईएमआय कंपनीने पिस्टल्सना सोडले. मार्चमध्ये ए अँड एमने बकिंगहॅम राजवाड्यासमोर करारावर सह्या घेतल्या आणि आठवडाभरात तो करार मोडला. मे महिन्यात, राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर, व्हर्जिनने त्यांचे 'गॉड सेव्ह द क्वीन' बाजारात आणले. बीबीसीने ते वाजवण्यास नकार दिला, तरी ते अधिकृत विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. खरा स्फोट झाला तो येथे, एकेकट्या गाण्यांच्या तबकड्यांतून. अल्बम आला ऑक्टोबरच्या अखेरीस. त्यातील चार महत्त्वाची गाणी तोवर चाहत्यांच्या घरी वाजून जुनी झाली होती. जानेवारी १९७८ मध्ये बँड फुटला.

शिवाय हा अल्बम ऐकताना एक दंतकथा कोसळते. पंकवाल्यांना वाजवता येत नसे, असे म्हणतात. प्रत्यक्षात त्याचा एक निर्माता क्रिस थॉमस, ज्याने पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या ध्वनिमिश्रणावर देखरेख केली होती. आणि पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन ज्या शर्टामुळे गाजला, त्यावर पिंक फ्लॉइडचा द्वेष जाहीर केलेला होता! थॉमसच्या हाताखाली स्टीव्ह जोन्सने गिटारवर गिटार चढवत एक भिंत उभारली आणि बेसचा बराचसा भागही स्वतःच वाजवला, कारण सिड व्हिशसच्या हाती ते सोपवण्याची सोय नव्हती. निकाल अत्यंत कसलेला, घोटीव ध्वनी. त्यात अराजक शोधणाऱ्याने तो पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐकावा.

येथे एक छोटे विषयांतर क्षम्य ठरावे. या अल्बमचे बरेचसे काम उत्तर लंडनमधील 'वेसेक्स' स्टुडिओत झाले. चर्चच्या एका जुन्या सभागृहात थाटलेल्या या स्टुडिओत १९७७ मध्ये 'क्वीन'ही आपला 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' ध्वनिमुद्रित करत होती. पंकवाले ज्या भपक्याच्या विरुद्ध उभे होते त्याचा मूर्तिमंत अवतार म्हणजे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, आणि त्याचे शालेय शिक्षण पाचगणीतले. शत्रुपक्ष एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या खोल्यांत काम करत होते. चळवळींच्या इतिहासात असे वारंवार घडते, फक्त जाहीरनाम्यांत ते लिहिले जात नाही.

अल्बमच्या नावातील ग्राम्य शब्दावरून नॉटिंगहॅममध्ये खटलाही झाला. व्हर्जिनच्या दुकानात वेष्टन मांडले म्हणून १८८९ च्या असभ्य जाहिरातींविषयीच्या कायद्याचा आधार घेण्यात आला. बचाव पक्षाने नॉटिंगहॅम विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ले यांना साक्षीस उभे केले. हा शब्द जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला असून एके काळी धर्मोपदेशकांनाही त्या नावाने ओळखले जाई, असे त्यांनी सांगितले. आरोपी सुटला. पंकचा बचाव अखेर व्युत्पत्तिशास्त्राने केला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी कोरून ठेवावी अशी आहे.

मग निवाडा काय? 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' ही उत्कृष्ट तबकडी आणि दुय्यम साक्षीदार आहे. आपला राग कोणावर आहे हे तिला पक्के ठाऊक आहे. आपल्याभोवती कोण राहते, याचा पत्ता मात्र तिच्यात फारसा लागत नाही.

तो पत्ता लागतो नोव्हेंबर १९७८ मध्ये आलेल्या 'जर्मफ्री अ‍ॅडोलसंट्स'मध्ये. बँडचे नाव 'एक्स-रे स्पेक्स', गायिका पॉली स्टायरीन. जन्मनाव मॅरियन एलियट-सेड, वडील सोमाली वंशाचे, आई ब्रिटिश. दातांना तारा, अंगावर भडक रंगांचे कपडे आणि सॅक्सोफोनच्याही वर चढणारा आवाज. याद्यांत हा अल्बम पिस्टल्सच्या बराच खाली असतो. तो वर असायला हवा. पिस्टल्स राणीवर ओरडले, पण १९७८ च्या ब्रिटनमध्ये सामान्य माणसाच्या आयुष्यावर राणीपेक्षा सुपरमार्केटची सत्ता अधिक होती, हे पॉलीने ओळखले. तिची गाणी प्लास्टिकच्या पिशव्या, जंतुनाशके, नायलॉन, झगमगते कृत्रिम रंग आणि जनुकीय अभियांत्रिकी यांविषयी आहेत. जगातील पहिले टेस्ट-ट्यूब बाळ त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये जन्मले होते. वुलवर्थ्सच्या दुकानातील तरुणावर तिने एक गाणे रचले. ती दुकानेच जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनमधून नाहीशी झाली, त्यामुळे आज ते गाणे एका लुप्त संस्थेचा दस्तऐवज म्हणून ऐकावे लागते. त्यात उपहास आहे, पण तुच्छता नाही. कृत्रिम जगात वाढलेली ही मुलगी त्या जगावर हसते आणि त्याचे रंगही मनापासून उपभोगते. सामाजिक इतिहासकाराला याहून काय हवे?

याच एक्स-रे स्पेक्स आणि क्लॅश एकाच मंचावर आले होते, ३० एप्रिल १९७८ रोजी. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात गिटारवादक एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध आणि इनॉक पॉवेलच्या बाजूने भाषण ठोकले. ज्याची कमाई कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर उभी, त्याने हे बोलावे! त्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ जन्मली. १९७८ च्या त्या दिवशी ट्राफलगर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला आणि तेथे पंक व रेगे बँड एकामागून एक वाजले.

'लंडन कॉलिंग' समजून घ्यायचा तर त्या बागेतून यावे लागते. ऑगस्ट १९७९ मध्ये क्लॅश ध्वनिमुद्रणास बसले ते त्याच वेसेक्समध्ये, परंतु त्यांच्या कानांत केवळ पंक नव्हते. अल्बमवर रॉकबिली आहे, स्का आहे, रेगे आहे, जॅझची झुळूक आहे. व्हिन्स टेलरचे १९५९ चे गाणे आहे, जमैकाच्या 'द रूलर्स'चे आहे. स्पॅनिश यादवी युद्धावरचे गाणेही आहे. त्यातील इतिहास पर्यटकाच्या नजरेतून डोकावतो आणि गाणे ते लपवत नाही, हेच त्याचे मोठेपण. वेष्टनावरील अक्षररचना एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरून सरळ उचललेली. तेथील प्रसिद्ध छायाचित्र, न्यूयॉर्कच्या मंचावर बेस गिटार आपटणारा पॉल सिमोनन, पेनी स्मिथने टिपले. ते पुरेसे सुस्पष्ट नाही म्हणून ते वापरू नये, असेच तिचे मत होते. बँडने कंपनीकडून अल्बमसोबत एक बारा इंची तबकडी फुकट देण्याची परवानगी मिळवली आणि तिच्यावर पूर्ण दुसरा अल्बम भरला. एकाच्या किमतीत दोन! सर्वच गाणी सारख्या तोलाची नाहीत. 'लव्हर्स रॉक' गळले असते तरी कोणी अश्रू ढाळले नसते. पण आपण कोणाचे किती देणे लागतो हे हा अल्बम उघडपणे सांगतो, आणि पिस्टल्सपेक्षा तो वरचढ ठरतो तो येथे.

'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' या सिमोननच्या गाण्याला चाहते भविष्यवाणी म्हणतात, कारण ब्रिक्स्टनची दंगल उसळली एप्रिल १९८१ मध्ये. हा कौतुकाचा सूर घातक आहे. १८२४ च्या भटकेगिरीविषयक कायद्यातील एका कलमाखाली पोलीस केवळ संशयावरून कोणालाही रस्त्यात अडवू शकत, आणि लंडनमध्ये त्याचा रोख कृष्णवर्णीय तरुणांवर असे. सिमोननचे बालपण ब्रिक्स्टन परिसरात गेले होते. जे रोज चालले होते त्यावर त्याने गाणे रचले, नायक मात्र 'द हार्डर दे कम' या जमैकन चित्रपटातून घेतला. भविष्यवाणी म्हटले की वर्तमान डोळ्याआड होते.

क्लॅशवर ढोंगीपणाचा आरोप नेहमीचा आहे. जो स्ट्रमरचे वडील परराष्ट्र सेवेत होते. त्यांचा जन्म लखनौचा, खुद्द जोचा अंकारातला. बंडखोराचे घराणे साम्राज्याच्या कचेऱ्यांत वाढलेले! आरोप खरा आहे, पण त्याने गाणी खोटी ठरत नाहीत. पुढच्याच वर्षी 'सँडिनिस्टा!' हा तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून या मंडळींनी पहिल्या २ लाख प्रतींवरील मानधन सोडले. (त्यातली निम्मी गाणीही सोडली असती तर उपकार झाले असते.)

मात्र याद्यांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप क्लॅशविषयी नाहीच. २३ एप्रिल १९७९ रोजी पश्चिम लंडनच्या साउथॉल या पंजाबीबहुल वस्तीत नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली. त्यांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. 'मिस्टी इन रूट्स' या रेगे बँडचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर डोक्याला मार लागून गंभीर जखमी झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये 'एलियन कल्चर' नावाचा पंक बँड उभा राहिला. चौघांपैकी तिघे पाकिस्तानी कुटुंबांतील तरुण. बँडच्या नावाला संदर्भ होता मार्गारेट थॅचर यांच्या जानेवारी १९७८ मधील मुलाखतीचा. परकी संस्कृती असलेल्या लोकांच्या लोंढ्याखाली आपण बुडून जाऊ, अशी भीती ब्रिटिशांना वाटते, असे त्यांनी त्या मुलाखतीत म्हटले होते.

घरी आईबापांची शिस्त आणि रस्त्यावर फ्रंटची टोळकी, या दोहोंमध्ये अडकलेल्या आशियाई पोरांविषयी हा बँड गात होता. असा विषय पिस्टल्सकडे नव्हता आणि क्लॅशला तो आतून गाता आला नसता. १९८० मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या लेबलवर त्यांची एक सात इंची तबकडी निघाली. एका बाजूला 'एशियन यूथ', दुसऱ्या बाजूला 'कल्चर क्रॉसओव्हर'. १९८१ पर्यंत बँड संपला. अल्बम काही निघाला नाही.